रेघेखालचा आकडा

फ्रॅक्शन हा इंग्रजी शब्द मी १९५७ साली, दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत, वसमतला शिकलो. एखादा शब्द आपण नेमका केव्हा शिकलो हे सहसा कुणाला सांगता येत नाही. पाणी, भाकरी, अंगण हे शब्द केव्हा आले ते कुणाला आठवते? परक्या भाषेचे तसे नसते. तिचे शब्द दारावर थाप मारून येतात, आणि ते आले त्या वेळी घरात काय चालले होते तेही आपल्याबरोबर घेऊन बसतात.

आमच्या गावाला नावे दोन. लोक वसमत म्हणतात, रेल्वे बसमत म्हणते. जवळून वाहणाऱ्या नदीचे नाव पूर्णा. पूर्णाकाठच्या मुलांना अपूर्णांक शिकवणे किती कठीण, असा एक विनोद आमचे गणिताचे गुरुजी दर वर्षी करीत आणि दर वर्षी स्वतःच हसत. मला मात्र अपूर्णांकांचे कधी भय वाटले नाही. घरी आजीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी इतके घोकून घेतले होते, की शाळेत ते रेघेच्या वर एक आणि खाली एक असे कपडे घालून आले तेव्हा मी त्यांना लगेच ओळखले. मला कठीण गेला तो अपूर्णांकाचा इंग्रजी शब्द.

आमच्या इंग्रजीच्या मास्तरांची रीत अशी, की रोज फळ्यावर पाच शब्द लिहायचे. ते आम्ही वहीत उतरून घ्यायचे, अर्थ पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक शब्द वाक्यात घालून आणायचा. हे पाच शब्द आमच्या घरी दोघे जण शिकत. एक मी, आणि दुसरे माझे काका. त्या वेळी काकांचे वय पस्तिशीचे होते.

त्यांची हकीकत थोडक्यात सांगतो. आजोबा लवकर गेले. बापू, म्हणजे माझे वडील, शेतीत पडले आणि धाकट्या भावाला त्यांनी हैदराबादेस शिकायला धाडले. निजामी राज्यात वर चढायचे तर उर्दूवाचून गत्यंतर नव्हते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले तेच मुळी उर्दू माध्यमाचे. पश्चिमेकडील शास्त्रे उर्दूत आणण्यासाठी त्याच्या एक वर्ष आधी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढले होते, आणि गणितापासून रसायनापर्यंत सगळ्या परिभाषा तेथे घडवल्या जात होत्या. त्या परिभाषेत काका इंटरपर्यंत गणित शिकले. गावी परत येऊन कचेरीबाहेर अर्जनवीस म्हणून बसू लागले. त्यांचे अक्षर मोत्यासारखे, भाषा अदबीची. दहा-बारा कोसांवरून लोक अर्ज लिहून घ्यायला येत.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली आणि निजामी संपली. गावाने आनंद केला. आमच्या माळवदावर तिरंगा लावला तो काकांनीच. पण पुढे एकेका वर्षाने त्यांच्यापुढची माणसे कमी होऊ लागली. कचेरीची भाषा बदलली. ज्या विद्येसाठी बापूंनी कापूस विकून पैसे पाठवले होते ती विद्या हाली सिक्क्यासारखी चलनातून गेली. काका घरी बसून मराठी अर्जांचे मसुदे गिरवू लागले, आणि इंग्रजी यावे म्हणून संध्याकाळी माझ्या वहीवर वाकू लागले. मी 'रिव्हर' म्हटले की ते आपल्या वहीत रिव्हर लिहीत, पुढे 'नदी' आणि त्याच्याही पुढे उजवीकडून डावीकडे 'दरिया'. मला शब्द पाठ होत तो त्यांच्या तोंडून ऐकून. त्यांना इंग्रजी येई ते माझ्या वहीतून. कोण कुणाला शिकवीत होते हे आम्ही कधी ठरवले नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, तेलंगण आंध्राकडे गेले, कानडी जिल्हे म्हैसूरकडे. आमचा तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. शाळेत पेढे वाटले. पुढच्या दसऱ्याला आमच्या घराचे दोन वाटे झाले. राज्याची वाटणी भाषेवरून झाली होती. आमच्या घरी सगळे मराठीच बोलत.

भांडण कशावरून सुरू झाले हे मला आजही नीट सांगता येणार नाही. अशा भांडणांना आरंभ नसतोच. पण ते जाऊन थांबले कोठे ते पक्के आठवते. दोघे भाऊ, तेव्हा आठ आणे-आठ आणे, असे पंच म्हणत होते. आमच्याकडे हिश्शाची भाषा आण्यांचीच होती. घर असो, शेत असो, विहीर असो, सगळ्याचे आणे सोळा. बापू म्हणाले, "धाकट्याच्या शिकण्यावर घरातून चौदाशे रुपये गेले. ते वजा करा." काका म्हणाले, "चौदाशे हाली. कलदार बाराशेच होतात." हिशेब बरोबर होता. सात हालीला सहा कलदार असाच भाव होता. पण त्या दिवशी ढाळजेत बसून दोन सख्खे भाऊ रुपया कोणता धरायचा यावर तासभर वाद घालीत होते, आणि ते दोन्ही रुपये खर्चून ज्या गोष्टी विकत आणल्या होत्या त्यांची किंमत तेव्हा बाजारात शून्य झाली होती, हे दोघांनाही ठाऊक होते. शेवटी पंचांनी नऊ आणे आणि सात आणे असा निवाडा केला. नऊ आमचे. मला त्या वेळी बापूंचा अभिमान वाटला. हे लिहायला नको होते, पण खरे आहे ते लिहिले पाहिजे.

भांडी वाटली गेली. बैलांच्या दोन जोड्या होत्या, एकेक गेली. शेताच्या मधून धुरा पडला. विहीर फोडता येत नाही, म्हणून तिच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. मग आजीचा विषय निघाला. चैत्रापासून भाद्रपदापर्यंत आजी आमच्याकडे आणि आश्विनापासून फाल्गुनापर्यंत काकांकडे, असे पंचांपैकी कोणी तरी सुचवले. आजी आतल्या दारात उभी होती. म्हणाली, "मी काय हीर आहे का रे, पाळीनं वापरायला?" कोणी उत्तर दिले नाही. पण ठरले तसेच. वाटणीपत्रात आजीचे कलम लिहिले नाही एवढेच.

दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. भिंतीलाही मुहूर्त लागतो. त्या दिवशी चौकात दोरी धरली आणि आठ दिवसांत तुळशीवृंदावनाच्या अंगाला चिकटून पुरुषभर उंचीची मातीची भिंत उभी राहिली. आजीने गवंड्याला सांगितले होते, "बाबा, एक माणूस जाईल एवढा गाळा ठेव." त्याने पंचांकडे पाहिले. पंचांनी मान हलवली. गाळा राहिला नाही. तेव्हापासून आजी एका घरातून दुसऱ्या घरात जायची ती आमच्या मोठ्या दारातून रस्त्यावर उतरून, पाच पावले चालून, त्यांच्या नव्या दारातून. हातात पदराखाली झाकलेले काही तरी असायचेच.

त्याच आठवड्यात मास्तरांनी फळ्यावर लिहिले : फ्रॅक्शन. अर्थ सांगितला, "अपूर्णांक, पूर्ण वस्तूचा भाग, तुकडा."

मी घरी गेलो. वही उघडून बसलो. पलीकडे कुणी नव्हते. काका भिंतीच्या पलीकडे होते, आणि इकडून तिकडे जायचे नाही अशी ताकीद होती. पाच शब्द एकट्याने पाठ करायचे होते. फ्रॅक्शनशी मिळताजुळता एक शब्द मला आधीच माहीत होता, फ्रॅक्चर. पावसाळ्यात माळवदावरून पडून एका मित्राचा हात मोडला होता आणि तो शब्द डॉक्टरांकडून साऱ्या गल्लीने उचलला होता. दोन्ही शब्द एकाच कुळीतले आहेत, लॅटिनमधल्या मोडणे या क्रियापदातून निघालेले आहेत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. पण मुलाच्या कानाला ते त्या दिवशीच कळले होते. मी वाक्य लिहिले : 'माय हाउस इज अ फ्रॅक्शन.'

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ते मोठ्याने वाचले. वर्ग हसला. मास्तर वाईट नव्हते. त्यांनी तांबड्या शाईने वाक्यावर आडवी रेघ मारली आणि समजावून सांगितले, की घर हे फ्रॅक्शन असू शकत नाही. घर अखंड असते. गावात कुणाच्या घरी काय झाले याची त्यांना खबर नसावी. ते परगावचे होते.

त्या वर्षी एप्रिलपासून नवे पैसे सुरू झाले होते. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. आमच्या गणिताच्या तासाला जुन्याचे नवे करण्याची उदाहरणे असत. एका आण्याचे सहा, दोनचे बारा, तीनचे एकोणीस, चारचे पंचवीस. सहा, बारा, मग अठरा का नाहीत, यावर दुकानदारांशी रोज हुज्जती चालत. मी वहीच्या मागच्या पानावर गुपचूप एक उदाहरण केले. नऊ आण्यांचे छप्पन्न पैसे, सात आण्यांचे चव्वेचाळीस. बेरीज बरोबर शंभर येते हे पाहून मला बरे वाटले. पण त्या आकड्यांवरून आता कुणाला काही ओळखता येणार नव्हते. छप्पन्न म्हणजे काय?

दिवाळीत आजी पलीकडे होती. अभ्यंगस्नानाच्या पहाटे तिच्या खोकल्याचा आवाज भिंतीवरून येत होता. आई उटणे लावता लावता थांबायची. पाडव्याच्या संध्याकाळी बापू बाहेर गेले. दिवाळीचा पाडवा हा आमच्याकडे अर्धा मुहूर्त मानतात. काही ठिकाणी अक्षय्य तृतीयेला अर्धा मानतात असे पुढे ऐकले. दोन्ही पक्षांना अर्ध्याची जरुरी वाटते एवढे मात्र खरे. आम्हां मराठी लोकांना साडेतीनचे काय वेड आहे कोण जाणे. मुहूर्त साडेतीन, देवीची पीठे साडेतीन. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी अर्धी. त्या अर्ध्या पीठाच्या पायऱ्या चढताना भक्ताने अर्धाच नमस्कार केला असे कधी ऐकिवात नाही.

तर त्या अर्ध्या मुहूर्तावर मी वही सदऱ्यात खोचली आणि माळवदावर चढलो. एक गोष्ट पंचांच्या लक्षात आली नव्हती. भिंत चौकात घातली होती. वरचे माळवद एकच होते. लाकडी पाट्यांवर माती दाबून केलेले आमचे सपाट छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होते. त्यावर दोन्ही घरांच्या पणत्या लावल्या होत्या. एका ओळीत आईच्या, पुढे काकूच्या. त्या ओलांडून मी पलीकडच्या शिडीने खाली उतरलो.

काका सोप्यात कंदिलाशी बसले होते. आजी वाती वळत होती. मला पाहून तिने काहीच आश्चर्य दाखवले नाही. काकांनीही "कसा आलास" असे विचारले नाही. त्यांनी विचारले, "किती शब्द राहिले?"

"पासष्ट," मी म्हणालो.

त्यांनी आपली वही काढली. तेरा दिवसांचे शब्द आम्ही उतरवून घेऊ लागलो. फ्रॅक्शनपाशी आल्यावर त्यांनी माझे खोडलेले वाक्य वाचले. पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तरांचं बरोबर आहे. घर फ्रॅक्शन नसतं. हिस्सा फ्रॅक्शन असतो. घर खाली असतं."

मला कळले नाही. त्यांनी वहीत सात लिहून खाली रेघ ओढली आणि रेघेखाली सोळा लिहिले. "हा मी." शेजारी नऊ लिहिले, रेघ, खाली सोळा. "हा दादा. वर काय आहे ते सोड. खाली बघ."

"दोन्हीकडं सोळा."

"आम्ही उर्दूत शिकलो तेव्हा अपूर्णांकाला कसर म्हणत. कसर म्हणजे मोडणं. वरच्या आकड्याला शुमारकुनिंदा, म्हणजे मोजणारा. आणि खालच्याला काय म्हणत, ठाऊक आहे? नसबनुमा. कुतुबनुमा म्हणजे होकायंत्र, ध्रुव दाखवणारं. तसं नसबनुमा. नसब म्हणजे वंश. तुकडा कोणत्या घराण्यातला ते दाखवणारा."

आजी वाती वळता वळता म्हणाली, "पण मोडणं कशाला म्हणायचं म्हणते मी? पाऊण काय मोडलेला असतो? पाऊण शेर दूध म्हणजे काही सांडलेलं दूध नव्हे. पाऊण पाऊणच असतो."

काका हसले. भिंत झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिले ते तेव्हाच. मी विचारले, "पण आता आणे गेले ना? आता छप्पन्न आणि चव्वेचाळीस."

"मग खाली शंभर," ते म्हणाले. "तेही दोन्हीकडं."

आजीचे म्हणणे मला तेव्हा आजीचे वाटले. आता वाटते, तीच आमच्यात मोठी गणिती होती. पाव हा शब्द पाद म्हणजे पाय यावरून आला, चार पायांपैकी एक. सव्वा म्हणजे सपाद, पायासह. पाऊण म्हणजे पादोन, एक पाय कमी. दीड आणि अडीच यांना इंग्रजीत चार-चार शब्द जोडावे लागतात. आपल्याकडे त्यांना एकेक सुटसुटीत नाव आहे, माणसाला असावे तसे. साडेतीनाला तर औट असा खास शब्द होता आणि त्याची औटकीही मुले घोकीत. ज्याला नाव असते ते सहसा तुटके वाटत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा घेतात तो सव्वा. एक पूर्ण झाला की काम संपले असे आपल्या लोकांना वाटत नसावे. वर पाव लागतोच.

पण विद्वानांनी सगळीकडे मोडण्याचाच शब्द धरला. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती लिहिली, तीत अपूर्णांकाला भिन्न म्हटले आहे. भिन्न म्हणजे फुटलेला. अरबीत कसर. मध्ययुगात युरोपने हे गणित पुष्कळसे अरबी ग्रंथांवरून घेतले, तेव्हा कसर या शब्दाचेच लॅटिनमध्ये भाषांतर झाले आणि त्यातून फ्रॅक्शन निघाला. म्हणजे काकांचा शब्द आणि मास्तरांचा शब्द हे बाप-लेक निघाले. कसर तर आपल्या मराठीतही येऊन राहिली आहे, पण येथे ती उणीव झाली. आपण कसर भरून काढतो. (लोकरी कपड्यांना लागते ती कसर वेगळी, तिचा या वाटणीत हिस्सा नाही.)

खालच्या आकड्याच्या नावांवर मात्र लोकांचे एकमत नाही, आणि मला गंमत वाटते ती तेथे. संस्कृतात आणि मराठीत तो छेद, म्हणजे काप. इंग्रजीत तो डिनॉमिनेटर, म्हणजे नाव देणारा. उर्दूत तो वंश दाखवणारा. आकडा एकच, एकाला त्यात सुरी दिसली, एकाला नाव दिसले, एकाला घराणे दिसले. मी पुढे शाळेत गणित शिकवले. तीस वर्षे फळ्यावर 'छेद' हा शब्द लिहिला आणि दर वेळी मनात दुसरा शब्द म्हटला.

आणि ती मधली रेघ! आपल्या जुन्या गणितींनी अंशाखाली छेद लिहिला, पण मध्ये रेघ ओढली नाही. वर एक, खाली एक, मध्ये मोकळी जागा. बाराव्या शतकाच्या सुमारास अरबी गणितींच्या लिखाणात ती रेघ दिसू लागते आणि पुढे सगळ्या जगाने ती उचलली. सोयीची आहे, आकडे एकमेकांत मिसळत नाहीत. तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

इजिप्तमधल्या लोकांची तऱ्हा याहून निराळी होती. ब्रिटिश म्युझियममध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीची एक पपायरसची गुंडाळी आहे. तिच्या आरंभीची उदाहरणे दहा माणसांत रोट्या वाटण्याची आहेत. ते लोक, दोन-तृतीयांशाचा अपवाद सोडला तर, अपूर्णांक लिहिताना वर एकच धरीत. अर्धा, तृतीयांश, दशांश असे एकेक तुकडे जोडून उत्तर लिहायचे. सात रोट्या दहा जणांत वाटायच्या तर प्रत्येकाला दोन-तृतीयांश आणि वर एक-तीसांश. फार किचकट रीत, पण तिच्यात नऊ आणि सात असे भांडण लागणार नाही. प्रत्येकाच्या पानात सारखेच तुकडे पडतात.

आमच्या सोळा आण्यांत एक चूक होती, आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही. त्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या आली. भाऊबीज होती. तिने आधी बापूंना ओवाळले, मग रस्त्यावरून जाऊन काकांना ओवाळले. दोघांनी तिच्या ताटात एकेक रुपया टाकला. रुपये दोन्ही सारखे होते, त्यावरून वाद झाला नाही. बापू आणि काका यांच्या पाठचीच ती बहीण. खालचा आकडा मांडताना तिला कुणी धरलेच नव्हते; धरा असे तीही म्हणाली नाही. मीही पुष्कळ वर्षे तो हिशेब बरोबरच समजत होतो. २००५ साली कायदा बदलला आणि मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क आला, तेव्हा मला प्रथम आत्याचे ते ताट आठवले. ती तोवर गेली होती.

पुढचे थोडक्यात. काकांनी मराठीत अर्ज लिहिले, नंतर मुलांच्या शिकवण्या घेतल्या. गणितात त्यांचा हात धरणारा गावात नव्हता. बापू आणि ते अकरा वर्षे बोलले नाहीत. या काळात मी माळवदावरून किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. बापूंना ते माहीत असावे. एकदा पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकताना त्यांनी मजुराला सांगितले, "त्या अंगालाही टाक, पोरं जातात तिकडून." आजी एका भाद्रपदात गेली, पाळी बदलायला दहा दिवस असताना. काका रस्त्यावरून आमच्या दारात आले. बापू उठून उभे राहिले. दोघांत काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, मी लाकडे आणायला गेलो होतो.

नंतर पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी आले. विहिरीच्या पाळ्या आपोआप मोडल्या. कापूस आणि ज्वारीच्या रानात ऊस आला, केळी आल्या आणि अलीकडे हळद. आज वसमतचे नाव देशभर निघते ते हळदीमुळे. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. तालुकाही आता परभणीत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि आम्ही तिकडे गेलो. मराठवाड्याचे पाच होते त्यांचे आठ जिल्हे झाले.

या फाल्गुनात मी गावी गेलो होतो. चुलतभावाच्या शेतात हळदीची काढणी चालली होती. मजूर बाया खणून काढलेले कंद हातात घेऊन आपटीत आणि वेगवेगळ्या ढिगांत टाकीत. मधला जाड जेठा गड्डा एका ढिगात. तो पुढच्या वर्षीच्या बेण्याला. त्याच्या अंगाची बगल गड्ड्यांची रास निराळी. बोटांसारखी हळकुंडे तिसऱ्या ढिगात. ती शिजवून बाजारात. आणि एक सुरकुतलेला काळपट गड्डा निघतो, गेल्या वर्षी जमिनीत लावलेला मूळचा. त्याला सोरा म्हणतात. एक बाई तो बाजूला टाकताना म्हणाली, "ह्याच्यातलं समदं ह्यांनी खाल्लं बघा." मी तो उचलून पाहिला. हलका होता, पण मोडला तर आत रंग होता.

संध्याकाळी भावाने सातबाराचे उतारे काढून दाखवले. सातबारा ही गावच्या दोन नमुन्यांची नावे आहेत, सातवा आणि बारावा, पण कागदावर ती लिहितात अपूर्णांकासारखीच, आणि शाळेत मुले मला नेहमी विचारीत, "सर, सात-बारांश कशाचे?" बापूंचे नऊ आणे आता आम्हां चार भावंडांत, दोन भाऊ आणि दोन बहिणी, काकांचे सात आणे तीन भावंडांत. बापूंच्या बाजूला खालचा आकडा चौसष्ट झाला आहे, काकांच्या बाजूला अठ्ठेचाळीस. भावाला मी म्हटले, "आता समच्छेद करायचा तर एकशे ब्याण्णव घ्यावे लागतील." तो म्हणाला, "तुझं गणित जेवण झाल्यावर."

जेवणानंतर त्याने ट्रंकेतून काकांची वही आणून दिली. पाने पिवळी पडली आहेत. तिन्ही लिप्या शेजारी शेजारी. फ्रॅक्शनपुढे 'कसर' आहे, त्यापुढे 'हिस्सा'. त्याखाली माझे वाक्य त्यांनी जसेच्या तसे उतरवून घेतले आहे, वर तांबडी रेघ नाही. वही त्याने मला ठेवून घे म्हटले. मी म्हटले, तुझ्याकडेच राहू दे. येईन तेव्हा पाहीन.

या दिवाळीला पाडव्यासाठी जायचे ठरवले आहे. चौकातली भिंत अजून आहे, आता विटांची झाली आहे. माळवद मात्र दोन्हीकडे गेले. आमच्या बाजूला स्लॅब पडली, त्यांच्या बाजूलाही पडली, आणि दोन्हींची उंची एक नाही. वरून जायची सोय राहिली नाही. मोठ्या दारातून रस्त्यावर उतरून पाच पावले चालावे लागते, आजी जात असे तसे.